वरकड बाईचा हिशेब

(१)

आमच्या तीर्थपुरीत एखाद्या बाईची ओळख विचारली की आधी तिच्या नवऱ्याचा पत्ता सांगतात. नवरा घरात असला तर ती अमक्याची बायको. मेला असला तर रांडव. त्यानं हाकलून दिली असली तर टाकलेली. लग्नावाचून लेकरू असलं तर जो शब्द वापरतात तो मी इथं लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. आता पुरुषाकडं बघा. बायको मेली की तो बिजवर होतो, म्हणजे पुढच्या लग्नाला उभा. अन् ज्यानं बायको टाकली त्याला? त्याला मराठीत शब्दच नाही. टाकायचं काम त्यानं केलं, डाग मात्र तिच्या नावाला लागला.

मी अशाच एका टाकलेल्या बाईची लेक आहे. आईनं मला अन् माझ्या धाकट्या भावाला रोजानं जाऊन वाढवलं. खुरपणी, कापूसवेचणी, ऊसतोड, जे हाती लागेल ते केलं. पण आमच्या घरची कर्मकहाणी सांगायला मी लिहायला बसले नाही. मला एक साधा सवाल विचारायचा आहे. जी बाई एकटीनं लेकरं वाढवते, आपल्या कष्टाचं खाते, कुणाचे दोन रुपये बुडवत नाही, तिच्या चालीचा न्यायनिवाडा करायचा हक्क गावाला कुणी दिला? अन् आपण जयभीमवाले लोक त्या न्यायाधीशांच्या बाकावर जाऊन का बसतो? याचं उत्तर इतिहासात आहे. म्हणून आज इतिहास.

(२)

९ मे १९१६. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात निबंध वाचतो आहे. विषय, भारतातल्या जाती. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. आपले कार्यकर्ते 'जातीचं निर्मूलन' वाचतात, त्यातली वाक्यं भाषणात फेकतात. पण वीस वर्षं आधीच्या या निबंधाकडं फारसं कुणी जात नाही. अन् एकट्या बाईच्या प्रश्नाची किल्ली तर याच निबंधात आहे.

बाबासाहेबांची मांडणी मी आपल्या भाषेत सांगते. जात म्हणजे बंद केलेला गट. आतल्यानं आतच लग्न करायचं. हे चालायचं असेल तर गटात जेवढे बाप्ये तेवढ्याच बाया पाहिजेत. पण मरण काही जोडीनं येत नाही. नवरा आधी मेला की एक बाई वरकड होते. ही वरकड बाई जातीला दोन्हीकडून जड. तिनं जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडलं. जातीतच केलं तर जातीतल्या एका कुवार पोरीच्या वाट्याचा नवरा तिनं घेतला. मग जातीनं तिच्यावर दोन इलाज काढले. एक, नवऱ्याच्या चितेवर जाळायची. दुसरा, जिवंत ठेवायची पण विधवा म्हणून अशी खाली दाबायची की तिच्याकडं कुणी बघू नये अन् तिनं कुणाकडं बघू नये.

अन् बायको आधी मेली तर? तेव्हा बाप्या वरकड होतो. पण त्याला जाळायचं कसं? तो कामाचा, तो धनी. त्याला जन्मभर बैरागी ठेवावं तर तेही जमत नाही. म्हणून त्याच्यासाठी लग्नाच्या वयाची नसलेली पोरगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य अन् बालविवाह या तिन्ही चाली बाबासाहेबांनी एकाच दोरीत ओवून दाखवल्या. जातीचं कुंपण राखायला या चाली लागतात. त्यांना मोठेपणा देणारं तत्त्वज्ञान मागाहून रचलं गेलं.

यापुढचा जोड माझा आहे. नवरा मेलेली बाई जशी वरकड, तशी नवऱ्यानं टाकलेलीही वरकड. आज तिला कुणी जाळत नाही, तिचे केस कापत नाही. आता तिच्यावर नजर ठेवली जाते. ती कुठं जाते, कुणाशी बोलते, दारात कुणाची सायकल उभी होती, लुगडं नवं कसं आलं. या नजरेला गाव 'चारित्र्य' म्हणतं. मी तिला जातीची चौकीदारी म्हणते. चौकीदाराला पगार नसतो, पण मोठेपणा मिळतो. फाटक्यातला फाटका माणूससुद्धा एकट्या बाईपुढं पाटील होतो.

(३)

ही चौकी किती जुनी अन् किती क्रूर, ते पुण्यात बघा. १८६३ साली काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर खटला झाला. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाक करायची. कुणा शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. मूल झालं, अब्रूच्या भीतीनं तिनं ते मारलं. शिक्षा झाली काळ्या पाण्याची. शास्त्र्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

जोतीराव अन् सावित्रीबाईंनी त्याच साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, लेकरू न्यायचं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. तिथं पस्तीसेक विधवा येऊन बाळंत झाल्याचं स्वतः जोतीरावांनी लिहून ठेवलं आहे. १८७४ साली अशाच एका बाईचं मूल फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. तो पुढं डॉक्टर झाला. प्लेगच्या साथीत त्याच्या दवाखान्यासाठी रोगी आणता आणता सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

यातली एक गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात विसरतो. ज्या बाया आल्या त्या पुण्याच्या वरच्या जातीतल्या, अन् ज्यांनी त्यांना दार उघडलं ते माळी. त्या बायांच्या जातीनं फुल्यांना शेणमाती मारलेली होती. तरीही 'तू कोण, कुणापासून राहिलीस' असं त्या दारात विचारलं जात नव्हतं. विचारायचंच नाही, हा त्या घराचा कायदा होता.

दुसरा खटला १८८१ चा. सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडची विजयालक्ष्मी, हीही ब्राह्मण विधवा, हाही गुन्हा बालहत्येचाच. आधी फाशी सुनावली, मग ती शिक्षा कमी केली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीवर धर्मोपदेशाचा पाऊस पडला. तेव्हा आमच्या जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्यातून एक बाई उठली. ताराबाई शिंदे. सत्यशोधकी घरातली. १८८२ साली तिनं 'स्त्रीपुरुष तुलना' छापली अन् सरळ सवाल टाकला, की जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता त्यातला कोणता पुरुषात नाही? पुस्तकावर टीका झाली, आपल्यातल्याही काहींनी नाकं मुरडली. जोतीराव मात्र ताराबाईच्या बाजूनं उभे राहिले. पंडिता रमाबाईचंही तेच. ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी लग्न केलेली, दोन वर्षांत विधवा झालेली, पदरात एक मुलगी. तिनं १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, तर पुण्यातल्या मातब्बरांनी आधी तिचा धर्म तपासायला घेतला.

(४)

इथं कुणी म्हणेल, बाई, ही सगळी वरच्या जातीची दुखणी. आपल्यात पाट होता, काडीमोड होती, आपल्या बायांना असा जाच नव्हता. यात खरं आहे. शूद्रातिशूद्र जातींत विधवेला अन् सोडलेल्या बाईला दुसरं घर करता येत होतं. बाई वावरात राबत होती, तिला कोंडून ठेवणं कुणाला परवडत नव्हतं. जी जात पोटासाठी बाईच्या हाताकडं बघते ती बाईला जाळत नाही.

पण अर्धंच खरं. पाट लागायचा तो रात्री. लग्नाच्या बायकांनी ती जोडी सकाळी बघू नये असा समज. लग्नाची बायको वरची, पाटाची खाली. अन् बहुतेक ठिकाणी पहिल्या नवऱ्याची लेकरं त्याच्या भावकीकडं ठेवूनच बाईला पुढं जावं लागे. म्हणजे संसार पाहिजे तर लेकरं सोड, लेकरं पाहिजेत तर एकटी राहा. ज्या बाया लेकरं सोडायला तयार झाल्या नाहीत त्या एकट्या राहिल्या. गावानं त्यांच्या या निवडीला कधी मायेचं नाव दिलं नाही. नवऱ्यावाचून राहते म्हणजे काहीतरी असणारच, एवढंच म्हटलं.

वरून इंग्रजांचा कायदा आला. १८५६ च्या कायद्यानं विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण दुसरं लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क गेला असं कलम त्यातच घातलं. मुंबई हायकोर्टानं हे कलम पूर्वापार पाट लावणाऱ्या जातींनाही लावलं. सुधारणा झाली वरच्यांसाठी, अन् जमिनीचा तुकडा गेला खालच्या बाईचा. तेव्हा आमचा मराठवाडा निजामाकडं होता, ते कोर्ट आमचं नव्हतं. पण वारं इकडंही आलं. चार पैसे आलेली घरं वरच्या जातीची नक्कल करायला लागली अन् पहिली नक्कल केली ती बाईला बांधून ठेवायची. 'आमच्यात पाट लावत नाहीत' हे खानदानीपणाचं लक्षण झालं.

(५)

बाबासाहेबांनी हा प्रश्न भावनेवर सोडला नाही, त्यांनी तो पैशात अन् कायद्यात आणला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणीला रजा अन् भत्ता देणारं बिल आलं तेव्हा ते त्याच्या बाजूनं बोलले. आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे अन् त्याचा भार मालकानं अन् सरकारनं उचलावा, हे त्यांचं म्हणणं. त्या बाईचा नवरा कोण, कसा, असला सवाल त्यात कुठंही नव्हता. तिचं काम अन् तिचं बाळंतपण एवढंच मोजायचं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला.

१६ जून १९३६ ची परळच्या दामोदर हॉलमधली सभा मात्र आपल्याला जरा अवघड जाते. कामाठीपुऱ्यातल्या मुरळ्या, जोगतिणी अन् तसल्या वस्तीतल्या बाया जमल्या होत्या. कित्येकजणींच्या पदरात लेकरं, बापाच्या जागी देवाचं नाव. बाबासाहेब त्यांना म्हणाले, हे लाजिरवाणं जिणं सोडा. सोडून जगायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. जगायच्या शंभर वाटा आहेत, त्या तुम्ही शोधा, पण हे सोडाच, असं ठणकावलं. आज काहीजणी म्हणतात, हाही बाईचाच न्यायनिवाडा झाला. मी त्यावर विचार केला आहे. जातीनं त्या बायांना 'अशाच' ठरवून ठेवलं होतं, देवाचा शिक्का मारून. बाबासाहेबांनी तो शिक्का नाकारला, तुम्ही दुसरं काही होऊ शकता असं म्हटलं. पण त्या बाया वाट शोधायला निघाल्या तर त्यांना काम कुणी द्यायचं, खोली कुणी द्यायची, लेकरांना शाळेत कुणी घालायचं? ती जबाबदारी आपल्यावर होती. किती वस्त्यांनी ती घेतली? सभेची तारीख आपण पाठ केली, काम तसंच राहिलं.

(६)

आता कायद्याचा हिशेब. हिंदू कोड बिलाचं गाडं अडवलं म्हणून २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढं त्याचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये कायदे झाले. एका बायकोवर दुसरी करणं गुन्हा ठरला. या कायद्यात बौद्धही येतात. बाया म्हणाल्या, सुटलो.

मग १९६५ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पहिली बायको असताना दुसरी केली म्हणून शिक्षा झालेला माणूस सुटला. का? तर दुसऱ्या लग्नात होम अन् सप्तपदी झाली नव्हती. विधी पुरे नाहीत म्हणून ते लग्नच नाही, लग्न नाही म्हणून गुन्हा नाही. बघा कसं. त्यानं दुसरं घर थाटलं, पहिली बाहेर पडली, सगळ्या गावाला दिसतंय, पण कायद्याला दिसायला अग्नीभोवती सात पावलं लागतात. अन् आपल्या बौद्ध लग्नात तर होमही नाही न् सप्तपदीही नाही. म्हणून कागदाला किंमत आहे, ते शेवटी सांगते.

पोटगीचं कलम जुनं, इंग्रजांच्या फौजदारी कायद्यातलं. टाकलेली बाई अन् तिची लेकरं रस्त्यावर येऊन उपद्रव होऊ नये, हा त्याचा मूळ हेतू. म्हणजे सरकारच्या वहीत ती चोर-भिकाऱ्यांच्या पानावर. १९७३ च्या संहितेत ते कलम १२५ झालं. महिन्याला ५०० रुपयांच्या वर पोटगी नाही, ही मर्यादा २००१ पर्यंत टिकली. तोवर ज्वारी कुठं गेली, तेल कुठं गेलं, ५०० मात्र ५००. जुलै २०२४ पासून तेच कलम नव्या संहितेत १४४ झालं आहे. नंबर बदलला, एक अट तशीच आली. बाई परपुरुषासंगं राहते असं सिद्ध झालं तर पोटगी बंद. नवरा मात्र दुसरी ठेवूनही नवराच राहतो, फक्त पैसे द्यायचे. म्हणून पोटगीच्या अर्जाला नवऱ्याचा पहिला जबाब ठरलेला असतो, 'बाई चालीची नाही.' गावातली कुजबूज अशी कोर्टात चढते अन् पैशाला भिडते. चारित्र्याची चर्चा रिकामटेकडी नाही, भावांनो. ती दर महिन्याला कुणाचे तरी पैसे वाचवते.

अन् कोर्टापर्यंत जातात किती? २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोट झालेल्यांपेक्षा कागदावाचून विभक्त राहणाऱ्यांची संख्या सुमारे तिप्पट निघाली. सोडायला कागद लागत नाही. एसटीत बसवून माहेरी धाडली की झालं.

(७)

आता आमच्या शिवारात या. पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ साली झालं. डाव्या कालव्याचं पाणी अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात फिरलं, ऊस आला, पुढं तीर्थपुरीत कारखान्याचं धुराडं उभं राहिलं. ऊस आला तशी ऊसतोड आली. अन् ऊसतोडीच्या हिशेबात एकट्या बाईचं काय होतं ते आमच्या आईनं मला न शिकवता शिकवलं.

मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल कोयत्यावर. बाप्यानं ऊस तोडायचा, बाईनं पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. अन् एकटी बाई म्हणजे मुकादमाच्या लेखी अर्ध्याहून कमी, वर फडात भानगड. आमच्या आईला एका मुकादमानं तोंडावर सांगितलं, जोडीदार आण, मग उचल देतो. मग मामा तिच्यासंगं जोडीला गेला. बहीण-भाऊ मिळून एक कोयता. कोपीत मामा अन् आम्ही लेकरं. तिथंही लोक विचारायचे, खरंच भाऊ आहे का? दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या बाईला संध्याकाळी हा जबाब द्यावा लागायचा.

याच्या उलट ७२ चा दुष्काळ. आमची आज्जी खडी फोडायला होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, अन् खायला सुकडी. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवर हाल होते, मजुरी थकायची, मस्टरमध्ये खोट्या हजेऱ्या घालायचे, सगळं खरं. पण मस्टरवर नाव माणसाचं होतं, जोडप्याचं नव्हतं. आज्जी म्हणायची, खडीवर कुणी नवरा विचारला नाही, खड्डा किती भरला तेवढं विचारलं. रांडव, टाकलेल्या, लेकुरवाळ्या बाया तिथं मजूर झाल्या. एका कामाच्या ठिकाणी बाई अर्धा कोयता अन् दुसऱ्या ठिकाणी पुरी मजूर. बाई तीच. बदलला तो मोजायचा नियम. म्हणून मी म्हणते, गावाची 'समजूत' बदलायची वाट बघत बसू नका. हिशेबाचा नियम बदला, समजूत फरफटत येते.

(८)

१९८० साली महाराष्ट्र सरकारनं संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. विधवा, परित्यक्ता, अपंग, निराधार यांना महिन्याला थोडे पैसे. आरंभी अगदी तुटपुंजे, २०२३ साली १५०० रुपये झाले. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे, ही अट कितीतरी वर्षं चालली. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. लेकराला दूध पाजणारी बाई त्या अटीत बसायची नाही.

पण पैशापेक्षा जड गेला तो दाखला. विधवेकडं मृत्यूचा दाखला असतो. टाकलेलीनं काय दाखवायचं? नवऱ्यानं टाकली हे तिला चार माणसांकडून लिहून घ्यावं लागतं. म्हणजे ज्या गावानं तिच्यावर नजर ठेवली त्याच गावाच्या सहीवर तिचं पोट. आमच्या आईनं असा कागद करायला तीन महिने खेटे घातले. एका खुर्चीवरल्या माणसानं विचारलं, अधूनमधून येतो का नवरा? दुसऱ्यानं विचारलं, मग एवढी वर्षं एकटीच कशी काय? पहिल्या सवालाला 'हो' म्हटलं तर ती टाकलेली नाही. दुसऱ्याला काहीही म्हटलं तरी ती संशयित. आई गप राहिली. कागद मिळाला, पण नंतर ती त्या कचेरीच्या रस्त्यानं कधी गेली नाही.

या गप राहण्याला पहिल्यांदा मोठा आवाज फुटला तो १९८८ साली संगमनेरला. समता आंदोलनानं निशा शिवूरकर यांच्या पुढाकारानं परित्यक्तांची परिषद भरवली. टाकलेल्या बाया स्वतः स्टेजवर बोलल्या. दया नको, हक्क पाहिजे. रेशनकार्ड आमच्या नावाचं पाहिजे. पुढं मराठवाड्यात एकल महिला संघटना उभी राहिली. 'टाकलेली' जाऊन 'एकल' हा शब्द आला. शब्द बदलल्यानं भाकर मिळत नाही, हे मला कळतं. पण 'टाकलेली' म्हटलं की बाई वस्तू होते अन् 'एकल' म्हटलं की माणूस होते, एवढा फरक पडतो.

(९)

आपलं साहित्य काढून बघा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. बाप गेल्यावर आईनं कष्ट करून शिकवलेल्या पोराचं ते पुस्तक. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं. नवऱ्यामागं सुपं-टोपल्या विणून लेकरं वाढवणाऱ्या आईच्या कामावरूनच पुस्तकाला नाव पडलं. शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी' १९८४ चं. बाप गावचा पाटील, आई दलित, अन् शाळेच्या रजिस्टरात बापाच्या जागी काय लिहायचं हा सवाल. ज्या साहित्याच्या जोरावर आपण मान वर करून चालतो त्यातलं कितीतरी अशा एकट्या आयांच्या कष्टातून आलं आहे. अन् तिच्याच पोरांच्या वस्तीत आज तिची लायकी काढली जाते.

बापाच्या नावाची ही अट नुसती रजिस्टरात राहत नाही, ती जातीच्या दाखल्यात उतरते. बापाचा दाखला, आजोबाचा टी.सी., बापाकडचे पुरावे. ज्यानं वीस वर्षांत तोंड दाखवलं नाही त्याच्या दारात पोरानं कागद मागायला जायचं. किती पोरं-पोरी इथं शिष्यवृत्तीला मुकल्या असतील. रमेशभाई दाभाई नाईका विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात १८ जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आंतरजातीय लग्नातलं मूल बापाच्याच जातीचं हा पक्का नियम नाही. मुलाला आईनं तिच्या दलित-आदिवासी समाजात वाढवलं, त्यानंही तेच भोगलं, असं दाखवता आलं तर आईची जात लागू शकते.

अन् तरीही रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहितनं जीव दिला. त्याची आई राधिका. नवऱ्यापासून वेगळी झालेली, शिलाई मशीनवर काम करून तीन लेकरं शिकवलेली. पोराच्या मरणाचा तपास व्हायला पाहिजे होता. सुरू झाला आईचा तपास. तिची जात कोणती, ती कुणाच्या घरी वाढली, तिनं दाखला कसा मिळवला. केंद्रानं नेमलेल्या एकसदस्य आयोगानं 'मी माला' हा तिचा दावा खोटा ठरवला. २०२४ साली तेलंगण पोलिसांच्या अहवालानंही रोहित दलित नव्हता असं म्हटलं. राधिकाताईंनी त्यावर शंका घेतली तेव्हा फेरतपास जाहीर झाला. १४ एप्रिल २०१६ ला याच बाईनं मुंबईत दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. सरकारला त्या पोराची जात बापात सापडली. ज्या बापानं त्याला वाढवलंच नाही त्या बापात. आईनं वाढवलं, आईच्या वस्तीत तो दलित म्हणून जगला, पण आईची साक्ष पुरावा झाली नाही. एकशे साठ वर्षांपूर्वी काशीबाईला पिंजऱ्यात उभं केलं अन् शास्त्र्याला कुणी बोलावलं नाही. राधिकाताईंच्या वेळी आयोग होता, पोलीस होते, संविधानसुद्धा होतं, अन् पिंजऱ्यात उभी केली पुन्हा आईच.

महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या लेकरांच्या कागदावर आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम केला आहे. चांगलं झालं. पण नावापाठोपाठ आईचा दाखला, आईचा पुरावा चालला पाहिजे. नुसतं नाव लिहून पोट भरत नाही.

(१०)

आता तुमच्याशी रोखठोक. जयंतीची वर्गणी गोळा करता तेव्हा एकट्या बाईच्या घरची पावती फाडता. तीही रोजाच्या पैशातून देते, कधी मागं हटत नाही. अन् स्टेजवर, हार घालून, तिला टाकणारा बसलेला असतो. त्याला तुम्ही कार्यकर्ता म्हणता. वस्तीतल्या लग्नात बुद्धवंदना होते, पण हळदीला विधवेला मागं सारतात. संघटनेत एखादी एकटी बाई पुढं आली की तिच्या कामाआधी तिची 'भानगड' शोधतात. बाबासाहेबांनी १९१६ साली जो चौकीदार दाखवून दिला त्याची काठी तुमच्या हातात कशी आली?

कामं सांगते, साधी आहेत. वस्तीत एकट्या बाईची घरं किती ते मोजा, वही करा. ज्यांच्याकडं निराधारचे कागद नाहीत त्यांच्यासंगं कचेरीत जा, तिला एकटीला त्या खुर्चीपुढं पाठवू नका. बौद्ध पद्धतीनं लागलेल्या प्रत्येक लग्नाची ग्रामपंचायतीत नोंद करा. उद्या कुणी बायको टाकली तर होम-सप्तपदी विचारणाऱ्यापुढं टाकायला तो कागद लागेल. आईच्या कागदावर जातीचा दाखला मागणारे अर्ज करा, नाकारले तर लेखी घ्या अन् २०१२ चा निकाल जोडून पुढं चला. मुकादमाला सांगा, एकटी बाई पुरी मजूर आहे, उचल तिच्या नावानं दे. अन् ज्यानं बायको-लेकरं वाऱ्यावर सोडली त्याला जयंतीच्या स्टेजवर बसवू नका, आधी पोटगी भर म्हणावं.

यातलं एकही काम करायला बाईची चाल तपासावी लागत नाही. जोतीरावांनी अन् सावित्रीबाईंनी दार उघडलं तेव्हा तीही तपासली नव्हती.